सगळ्यांनी ‘मंजूर’ म्हटलं, मीही म्हटलं. लोकशाहीतून हुकूमशहा नेमका कसा उभा राहतो?

पंचगंगाकाठ

रविवारी आमच्या पतसंस्थेची वार्षिक सभा झाली. संस्थेचं नाव घेत नाही. मंगल कार्यालयात दीडदोनशे सभासद. दारात सही केली की हातात कूपन, आणि सभा संपल्यावर कुपनावर स्टीलचा डबा. सचिवांनी अहवाल वाचायला घेतला आणि तिसऱ्या विषयापासून पुढच्या दोन रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ सुरू झालं. विषय क्रमांक ९ असा: ‘संस्थेच्या हितासाठी आवश्यक ते सर्व निर्णय घेण्याचे सर्वाधिकार मा. अध्यक्षसाहेबांना देण्यात येत आहेत.’ पंधरा सेकंदांत मंजूर. मीही म्हटलं. शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं, “म्हंजे काय रं हे?” मी म्हटलं, “काही नाही काका, नेहमीचाच ठराव आहे.”

रात्री मुलगी इतिहासाचा अभ्यास करत होती. पुस्तकात १९३३ चा जर्मनीचा कायदा होता. नाव काय, तर ‘जनता आणि राज्य यांच्यावरील संकट दूर करण्याचा कायदा’. त्या कायद्यानं संसदेनं स्वतःचा कायदे करण्याचा अधिकार हिटलरच्या सरकारच्या हातात देऊन टाकला. तेही मतदान घेऊन, बहुमतानं. ते वाचल्यापासून मला झोप नीट लागलेली नाही.

माझा प्रश्न असा. हुकूमशहाला लोक निवडतात, की वरची चार माणसं आणून बसवतात? आणि नेमकं कुठल्या पायरीवर त्याला अडवता आलं असतं? सध्याच्या पक्षांवर कृपया नको, त्यासाठी वेगळे धागे भरपूर आहेत.

---

रंकाळा_चौपाटी

उत्तर सोपं आहे, महागाई. नोव्हेंबर १९२३ मध्ये जर्मनीत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. आयुष्यभर साठवलेल्या पैशात पावसुद्धा येईना. असा माणूस मग कुणाच्याही मागं जातो.

---

तांबडा_पांढरा

४.२ लाख कोटी?? शून्यं मोजता मोजता चहा गार झाला.

---

आक्का_शाहूपुरी

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. रंकाळा, तुझा आकडा बरोबर आहे, पण कारण म्हणून तो अपुरा पडतो. ती महागाई १९२३ च्या अखेरीस नवं चलन आणून थांबवली गेली. त्यानंतर साडेचार वर्षांनी, मे १९२८ च्या निवडणुकीत, हिटलरच्या नाझी पक्षाला मतं किती? २.६ टक्के. जागा १२. महागाईनंच हिटलर आणला असता तर तेव्हाच आला असता.

माणसं त्याच्याकडे वळली ती मंदीत. १९२९ नंतर कारखाने बंद पडत गेले आणि १९३२ च्या सुरुवातीला बेकारांचा आकडा साठ लाखांवर गेला. चॅन्सेलर, म्हणजे तिथले पंतप्रधान, ब्रूनिंग यांनी त्याच काळात पगार कापले, भत्ते कापले, कर वाढवले. सप्टेंबर १९३० मध्ये नाझी १८.३ टक्क्यांवर, जुलै १९३२ मध्ये ३७.३. महागाईनं लोकांचा सरकारवरचा विश्वास पोखरला होता हे खरं, आणि ती जखम आतून राहिली. पण ती उघडी पडली ती घराघरात बापय माणूस दिवसभर रिकामा बसायला लागला तेव्हा.

आता पंचगंगाकाठ यांच्या प्रश्नाचा पहिला भाग. ३७.३ म्हणजे बहुमत नव्हे. शंभरातल्या ६२-६३ लोकांनी त्याला मत दिलेलं नव्हतं. आणि पुढची गोष्ट मी वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायची: नोव्हेंबर १९३२ मध्ये तो घसरला. २३० जागांवरून १९६, मतं ३३.१ टक्के. पक्षाची तिजोरी रिकामी, कार्यकर्ते कुरकुरत होते. उतरणीला लागलेला माणूस ३० जानेवारी १९३३ ला चॅन्सेलर झाला. कसा झाला ते संध्याकाळी लिहिते, आता नातवाला शाळेतून आणायचंय.

---

सरळ_बोल

मला वेगळं वाटतं आणि मी स्पष्ट लिहितो. लोक कंटाळले होते. दर सहा महिन्यांनी सरकार पडत असेल, संसदेत नुसती भांडणं चालली असतील, तर सामान्य माणूस म्हणणारच की एक खमक्या माणूस द्या. आपल्याकडं आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या असं आमच्या घरातले वडीलधारे आजही सांगतात. शिस्त लागते. हिटलरचं समर्थन मी करत नाही, पण ही भूक खरी असते. तिला वेडेपणा म्हणून चालणार नाही.

---

ऊसकरी

सरळ_बोल, भूक खरी असते हे मान्य.

आता माझं ऐका. माझे वडील आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवायच्या कायद्याखाली, चौदा महिने आत होते. कारण कधीच लेखी मिळालं नाही. मी तेव्हा सात वर्षांचा. आई ऊसतोडणीच्या वेळी एकटी फडात उभी राहायची, आणि गावातले लोक, रोज आमच्या दारात तंबाखू मळत बसणारे, रस्त्याच्या पलीकडून जायला लागले. वाईट माणसं नव्हती ती, भ्यायली होती. वडील सुटून आले तेव्हा त्यांनी आधी गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथंच खाली बसले. गाडी वेळेवर आली म्हणून आमच्या घरी कुणाला आनंद झालेला मला आठवत नाही.

त्याच वर्षी, डिसेंबर १९७५ मध्ये, इथं जवळ कराडला साहित्य संमेलन झालं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. त्यांच्यासमोर अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या, जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करा म्हणाल्या. पुढं त्यांना अटक झाली. वडिलांना ही बातमी आत कुणीतरी कानात सांगितली होती. मरेपर्यंत ते ती सांगायचे.

---

सरळ_बोल

ऊसकरी, तुमच्या वडिलांना नमस्कार. गाड्यांचं वाक्य मी मागं घेतो.

---

वकीलभाऊ

कायद्याच्या बाजूनं थोडं.

जर्मनीची १९१९ ची राज्यघटना कागदावर त्या काळातली फार उदार घटना होती. स्त्रियांना मताधिकार, मूलभूत हक्क, सगळं. पण तिच्यात कलम ४८ होतं. सार्वजनिक सुव्यवस्था धोक्यात आली तर राष्ट्राध्यक्षानं अध्यादेश काढायचा, नागरिकांचे काही हक्क तात्पुरते बाजूला ठेवायचे. संसदेला तो रद्द करता यायचा. पण कलम २५ नं संसद बरखास्त करण्याचा अधिकारही राष्ट्राध्यक्षाकडंच. रद्द केलात? मग जा घरी, निवडणूक लढवा. दोन कलमं वेगवेगळी वाचली तर काही वाटत नाही, एकत्र वाचली की अंगावर काटा येतो.

१९३० पासून त्याचीच सवय लागली. १९३२ साली संसदेनं जेमतेम पाच कायदे केले आणि अध्यादेश निघाले त्याच्या दहापटीहून जास्त. म्हणजे हिटलर यायच्या आधीच संसदेला बाजूला बसवण्याचा सराव झालेला होता, आणि तो सराव सूटबूट घातलेल्या, शिकल्यासवरल्या माणसांनी केला होता.

दुसरं, न्यायालय. नोव्हेंबर १९२३ मध्ये म्युनिकमध्ये हिटलरनं बंड केलं, त्यात चार पोलीस मेले. राजद्रोहाला शिक्षा पाच वर्षं, म्हणजे कमीत कमी जेवढी देता येते तेवढी. त्यातही डिसेंबर १९२४ मध्ये बाहेर. तो जर्मन नागरिकसुद्धा नव्हता, ऑस्ट्रियाचा. कायद्यानं त्याला हद्दपार करायला हवं होतं. न्यायाधीश म्हणाले, इतकं जर्मन मन असलेल्या माणसाला हे कलम लागू नये. माझ्या मते अडवायची पहिली पायरी ती होती. एका कोर्टात, एका सहीनं काम झालं असतं.

---

गंगावेस_पैलवान

वकीलसाहेब, मला एक कळंना. पोलीस काय करत हुते? एवढी पोरं खाकी शर्ट घालून रस्त्यावर मारामाऱ्या करत हुती, आन पोलीस नुसतं बघत?

---

आक्का_शाहूपुरी

पैलवान, नेमका प्रश्न विचारलास. हे फार कमी लोक विचारतात.

जर्मनीचं सगळ्यात मोठं राज्य प्रशिया. बर्लिन त्यातच. तिथलं सरकार समाजवादी लोकशाहीवाद्यांचं आणि पोलीस त्यांच्या हाताखाली. २० जुलै १९३२ ला चॅन्सेलर पापेन यांनी ते राज्य सरकारच बरखास्त केलं. शस्त्र कुठलं, तर वकीलभाऊंनी सांगितलेलं कलम ४८. प्रशियाच्या मंत्र्यांनी निषेध केला, कोर्टात गेले, पण रस्त्यावर उतरले नाहीत. सहा महिन्यांनी तीच फौज आयती हिटलरचा साथीदार गोरिंगच्या हातात पडली. फेब्रुवारी १९३३ मध्ये त्यानं आपल्या टोळ्यांतल्या पन्नासेक हजार माणसांच्या दंडाला पट्टे बांधले आणि त्यांना ‘सहायक पोलीस’ करून टाकलं.

---

गंगावेस_पैलवान

म्हंजे आधी पंच आखाड्याभायेर काढला आन मग त्याचा फेटा आपल्याच गड्याच्या डोक्यावर घातला. खासबागेत असं कुणी केलं असतं तर मैदान पेटलं असतं आक्का. मातीत पंचाचा हात धरणारा मी अजून बघितला न्हाई.

---

तांबडा_पांढरा

पैलवान, या वाक्यावर एक प्लेट मिसळ माझ्याकडून. कुठं ते तुम्ही सांगा, नायतर इथंच कुठली मिसळ चांगली यावर दोनशे प्रतिसाद पडतील.

---

रंकाळा_चौपाटी

पडू देत की! पण आधी आक्कांचं ३० जानेवारी राहिलंय.

---

आक्का_शाहूपुरी

हो, ते लिहिते.

राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग, वय ८५, जुना सेनापती. हिटलर त्यांना आवडत नव्हता. नोव्हेंबरात मतं घसरल्यावर त्याला थोपवणं सोपं होतं. पण तोवर पापेनचं पद गेलेलं, त्यांच्या जागी श्लायशर आलेले, आणि पापेनना श्लायशरचा सूड घ्यायचा होता. हिटलरला चॅन्सेलर करू, मी उपचॅन्सेलर होतो, मंत्रिमंडळात आपलीच माणसं जास्त ठेवू, असं पापेननी म्हाताऱ्याच्या गळी उतरवलं. झालंही तसंच. हिटलर सोडून नाझी मंत्री दोनच, फ्रिक आणि गोरिंग. दोन महिन्यांत त्याला कोपऱ्यात दाबून टाकू, अशी पापेनची खात्री होती.

दोन महिने पुरे व्हायच्या आत काय झालं बघा. २७ फेब्रुवारीला संसदेची इमारत जळाली. दुसऱ्याच दिवशी अध्यादेश: भाषण, सभा, वृत्तपत्र, टपालाची गुप्तता, झडतीपासून घराचं संरक्षण, सगळे हक्क स्थगित. तो अध्यादेश राजवट संपेपर्यंत उठला नाही. ५ मार्चच्या निवडणुकीत विरोधकांना इतकं मारून, कोंडूनही नाझींना ४३.९ टक्केच मिळाले! तेव्हासुद्धा लोकांनी बहुमत दिलेलं नाही, हे लक्षात ठेवा. आणि मग २३ मार्च, पंचगंगाकाठ यांच्या मुलीच्या पुस्तकातल्या त्या कायद्यावरचं मतदान.

इमारत जळालेली, म्हणून सभा क्रोल नाट्यगृहात. दोन तृतीयांश हजेरी आणि दोन तृतीयांश मतं हवी होती. कम्युनिस्टांचे ८१ सदस्य अटकेत किंवा फरारी, त्यांना आतच येऊ दिलं नाही. विनापरवाना गैरहजर राहणारा हजरच धरायचा, असा नियम ऐनवेळी बदलून घेतला. आत-बाहेर गणवेशातली पोरं उभी. कॅथलिकांच्या मध्यपक्षाला हिटलरनं लेखी हमी देतो म्हणून सांगितलं. ते मतदानाच्या वेळेपर्यंत वाट बघत होते. पत्र आलंच नाही. त्यांनी तरीही बाजूनं मत दिलं. विरोधात बोलायला एकच माणूस उठला, ओटो व्हेल्स. तो म्हणाला, आमचं स्वातंत्र्य आणि जीव तुम्ही घेऊ शकता, आमची अब्रू घेऊ शकत नाही. ४४४ विरुद्ध ९४.

ते ९४ सगळे एकाच पक्षाचे, समाजवादी लोकशाहीवाद्यांचे होते. १२० पैकी जेवढे बाहेर शिल्लक होते तेवढे आले आणि जीव मुठीत घेऊन ‘नाही’ म्हणाले. मी हे शिकवताना दर वर्षी माझा आवाज चिरकायचा, मुलं बघत राहायची.

---

परदेशी_पाखरू

मी मूळची मंगळवार पेठेतली, सध्या म्युनिकला असते. आक्का, तुमच्या २३ मार्चच्या आदल्या दिवशी, २२ मार्च १९३३ ला, डाखाऊची छळछावणी सुरू झाली. इथून लोकल ट्रेननं अर्ध्या तासात जाता येतं. त्याची बातमी तेव्हा वर्तमानपत्रात रीतसर छापून आली होती. चोरून काही नव्हतं.

आणखी एक सांगते. १९२३ चं बंड जिथं मोडलं तिथं सत्तेवर आल्यावर त्यांनी स्मारक केलं, पहारा बसवला. समोरून जाणाऱ्या प्रत्येकानं हात वर करून सलाम ठोकायचा. त्याच्या मागच्या बाजूला एक बोळ आहे, आपल्या महाद्वार रोडच्या आतल्या बोळांएवढाच. ज्यांना सलाम करायचा नव्हता ते त्या बोळातून वळून जायचे. आज त्या बोळात दगडांमधून पितळी रंगाची एक वळणदार पट्टी बसवली आहे, पावलांची वाट दाखवणारी. पाऊस पडला की ती चमकते. मी मुलाला बालवाडीत सोडून येताना कधीकधी मुद्दाम त्या पट्टीवरून चालते.

पण मला राहून राहून वाटतं, त्या वळून जाणाऱ्यांनी १९३२ मध्ये काय केलं असेल?

---

ऊसकरी

पाखरू, रस्त्याच्या पलीकडून जाणारी आमच्या गावची माणसं आठवली.

---

सरळ_बोल

मग विरोधक एक का झाले नाहीत? याचं उत्तर कुणी देईल का?

---

वकीलभाऊ

नोव्हेंबर १९३२ चा हिशेब मांडतो. समाजवादी १२१, कम्युनिस्ट १००. बेरीज २२१, नाझी १९६. पण कम्युनिस्टांना मॉस्कोची शिकवण अशी की समाजवादी हेच खरे शत्रू, ‘सामाजिक फॅसिस्ट’. समाजवाद्यांनाही त्यांचा भरवसा नव्हता, कारण १९१९ मध्ये समाजवाद्यांच्या सरकारनं कम्युनिस्टांचं बंड चिरडलं, तो रक्तपात दोघांच्या मध्ये होता. दोघांची माणसं शेवटी एकाच छावणीत भेटली.

इटलीतही असंच. ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनीचे लोक रोमकडं निघाले तेव्हा पंतप्रधान फाक्टा यांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार ठेवला होता. राजानं सही केली नाही. सैन्य त्या जमावाला सहज पांगवू शकलं असतं. त्याआधी १९२१ मध्ये फॅसिस्टांना ३५ जागा मिळाल्या त्याही तेव्हाचे जुनेजाणते पंतप्रधान जोलित्ती यांनी स्वतःच्या आघाडीत घेतल्यामुळं. ‘वापरून घेऊ आणि सोडून देऊ’ हे वाक्य दोन्ही देशांत आहे.

आणि अडवता येतं, याचेही दाखले आहेत. फिनलंडमध्ये १९३२ ला उजव्यांनी सशस्त्र बंड केलं. अध्यक्ष स्विनहुफ्वुद स्वतः कडवे उजवे, बंडवाल्यांना आपले वाटणारे. त्यांनीच रेडिओवरून सांगितलं, घरी जा. लोक गेले. बेल्जियममध्ये १९३७ ला फॅसिस्ट देग्रेल पोटनिवडणुकीला उभा राहिला, तर कॅथलिक, उदारमतवादी, समाजवादी सगळ्यांनी एकच उमेदवार दिला, खुद्द पंतप्रधान व्हान झीलांड. देग्रेल सपाटून आपटला. दोन्हीकडं अशा लोकांना त्यांच्या जवळच्यांनीच दार लावलं.

---

गंगावेस_पैलवान

एक शंका. रागावू नका. आमचं शाहू महाराज राजं हुतं. सगळा अधिकार त्यांच्या एकट्याच्या हातात. तरी आम्ही त्यांना देवाच्या जागी मानतो. मग एकाच्या हातात सत्ता वाईटच, असं कसं म्हणायचं?

---

आक्का_शाहूपुरी

रागावण्यासारखं काय आहे त्यात. महाराजांनी अधिकार कशासाठी वापरला ते बघ. १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासांना पन्नास टक्के जागा. १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, पोर शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी अस्पृश्य समाजाला सांगितलं, आंबेडकरांच्या रूपानं तुम्हाला तुमचा पुढारी मिळालाय. स्वतःकडं बोट दाखवून ‘मीच तुमचा’ असं म्हणाले नाहीत. त्यांच्या हातातली सत्ता सतत दुसऱ्याच्या हातात जात होती. हिटलर सगळ्यांच्या हातातली काढून स्वतःकडं आणत होता.

पण तुझी शंका इथं संपत नाही. चांगला राजा मिळणं हे नशीब. पुढचा कसा निघेल याची हमी कोण देणार? म्हणूनच माणगावला ज्यांना पुढारी म्हटलं त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं: धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती म्हणजे अधःपाताचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास रस्ता.

---

गंगावेस_पैलवान

पटलं आक्का. हे आमच्या तालमीत फळ्यावर लिवतो.

---

पंचगंगाकाठ

धागा काढून चार दिवस गप्प होतो. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. निवडतात की बसवतात, याचं उत्तर मला मिळालं. एक तृतीयांश लोक हट्टानं मागं जातात, आणि उरलेल्यांपैकी काहीजण दार उघडतात. ते ४४४. त्यात बहुतेक सभ्य, घरंदाज माणसं असणार. ‘नेहमीचाच ठराव आहे’ असंच कुणीतरी शेजाऱ्याला सांगितलं असेल.

वकीलभाऊ, विषय ९ चं आता काही करता येईल का?

---

वकीलभाऊ

येईल. आधी इतिवृत्ताची प्रत लेखी अर्ज देऊन मागा, पोच घ्या. ठरावाला मुदत आणि रकमेची मर्यादा आहे का बघा. नसेल तर तोच मुद्दा. पोटनियमात जेवढी संख्या लिहिली असेल तेवढ्या सभासदांच्या सह्या झाल्या तर विशेष सभा बोलवावी लागते. तिथं ‘मंजूर’ च्या आरोळीवर न जाता हात मोजायची मागणी करा.

आपल्या देशानंही हेच केलं. १९७५ मध्ये राष्ट्रपतींची सही रात्री झाली आणि मंत्रिमंडळाला सकाळी कळलं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा असं घातलं, ‘अंतर्गत अशांतता’ हे ढगळ शब्द काढून ‘सशस्त्र उठाव’ लिहिलं, आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही असं ठरवलं. भोक कुठं आहे ते कळल्यावर ते बुजवता येतं.

---

पंचगंगाकाठ

प्रत मिळाली. मुदत नाही, मर्यादा नाही. काल संध्याकाळपासून घरोघर फिरतोय, अकरा सह्या झाल्या. सगळ्यात आधी त्या शेजारच्या काकांकडं गेलो. त्यांनी चष्मा लावला, ठरावावर बोट ठेवून एकेक शब्द वाचला आणि म्हणाले, “त्या दिवशी तू नेहमीचंच म्हनलास. आता नीट सांग, म्हंजे काय?” मी पाऊण तास सांगत होतो. काकूंनी दोनदा चहा केला.

---

रंकाळा_चौपाटी

डब्याचं झाकण मरून रंगाचं होतं का? तसं असेल तर माझी आई तुमच्याच संस्थेत सभासद आहे. कळवा, उद्या सहीला घेऊन येतो.